ठिगळाला ठिगळ: एका वैद्यकीय मासिकाचं मुखपृष्ठ करताना

४ फेब्रुवारीला सकाळी मेल आला. डॉक्टरांसाठी निघणाऱ्या एका मासिकाच्या आर्ट डायरेक्टर बाईंनी विचारलं होतं, मेच्या अंकाचं मुखपृष्ठ कराल का? विषय पॉलिफार्मसी, फाइल २७ मार्चला हवी. तोवर मी कथासंग्रहांची मुखपृष्ठं केली होती, मुलांच्या पुस्तकांतली चित्रं केली होती. वैद्यकीय म्हणाल तर शाळेत बेडकाचं हृदय काढलं होतं तेवढंच. मी ‘हो’ कळवून टाकलं आणि मग पॉलिफार्मसी म्हणजे काय ते शोधायला बसले. क्रम उलटा झाला, कबूल आहे.

त्यानंतरच्या आठ आठवड्यांत कितीदा तरी वाटलं, कोणीतरी आधी हे लिहून ठेवायला हवं होतं. तयार चित्रं सगळीकडे दिसतात, मधली खरकटी भांडी कोणी दाखवत नाही. म्हणून हे लिहितेय.

६ तारखेला चाळीस मिनिटांचा कॉल झाला. त्यात बाई होत्या आणि अंकाचे अतिथी संपादक होते. वृद्धांवर उपचार करणारे हे डॉक्टर हळू बोलत आणि प्रत्येक वाक्यानंतर आपल्याला कळलं का याची वाट बघत. रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू असली की साधारणपणे पॉलिफार्मसी म्हणतात, हे मी वाचून गेले होते. ते म्हणाले, “आकड्यावर जाऊ नका. एखाद्याला सात लागतात, लागतातच. एखाद्याला तीनही जास्त होतात.” त्यांना दाखवायची होती ती दुसरीच गोष्ट. तिला ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ म्हणतात. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या संशोधक डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली. एका औषधाचा दुष्परिणाम होतो, तो नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध येतं. डॉक्टरांनी दिलेलं उदाहरण मी वहीत तसंच उतरवून घेतलं: रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन दिलं. त्याने काहींचे घोटे सुजतात. सूज बघून लघवी वाढवणारी गोळी आली. तिने युरिक ॲसिड वाढलं, अंगठा ठणकायला लागला. आता गाउटची, म्हणजे त्या युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीची गोळी. “आणि पहिल्या गोळीकडे कोणी परत बघतच नाही,” ते म्हणाले.

बाईंनी काय नको त्याची यादी पाठवली. ती मी अजून भिंतीवर लावून ठेवली आहे. स्टेथोस्कोप नको. पांढरा कोट नको. गोळ्यांचं हृदय, गोळ्यांचं प्रश्नचिन्ह, गोळ्यांचा डोंगर नको. दोन सापांची पंखवाली काठी तर मुळीच नको. ती हर्मिस या ग्रीक देवाची, व्यापाऱ्यांचीही आणि चोरांचीही. वैद्यकाची काठी ॲस्क्लेपियसची, तिला एकच साप. मला हा फरक ठाऊक नव्हता. ठाऊक नाही हे मी कॉलवर बोलले नाही.

मग कागदपत्रं. ही चित्राच्या आधी येतात आणि चित्रापेक्षा जास्त दमवतात. ७ फेब्रुवारीला पाच फॉर्म आले: विक्रेता म्हणून नोंदणी, कराची माहिती, प्रसिद्धीपूर्वी लेख कोणाला दाखवणार नाही असं हमीपत्र, कोणत्याही औषध कंपनीशी आर्थिक संबंध नाही असं घोषणापत्र, आणि चित्रात एआयने तयार केलेलं काही वापरणार नाही याची लेखी हमी. या शेवटच्यासाठी त्यांना रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं, आणि सगळे लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर) शाबूत असलेली फाइलही हवी होती. म्हणून कच्चे कागद फेकू नका, फोटो काढून तारखेने ठेवा.

करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं होतं. पोटात गोळा आला. काही म्हटलं तर काम जाईल असं वाटून दोन दिवस गप्प बसले. शेवटी साधा चार ओळींचा मेल लिहिला: या अंकात छापण्याचा, अंकाच्या डिजिटल आवृत्तीचा आणि अंकाच्या जाहिरातीचा हक्क तुमचा, ९० दिवस इतर कोणाला देणार नाही, मूळ चित्र आणि बाकीचे हक्क माझे. शिवाय औषध कंपन्या अशा मासिकांतले लेख पुनर्मुद्रित करून घेतात, त्यावर माझं चित्र जाणार असेल तर परवानगी आणि मानधन वेगळं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, “ठीक आहे, सुधारित करार जोडला आहे.” बस, एवढंच! दोन दिवस मी उगाच झुरले. काम मध्येच रद्द झालं तर काय, हेही त्यात होतं: रफच्या टप्प्यावर २५ टक्के, चित्र पूर्ण झाल्यावर ५० टक्के. हा परिच्छेद करारात नसेल तर मागून घ्या.

परचेस ऑर्डरचा, म्हणजे काम अधिकृतपणे दिल्याच्या कागदाचा, नंबर यायला १७ तारीख उजाडली. तोवर अंतिम चित्राला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण डोकं थांबत नाही. काडेपेटीएवढ्या चौकोनांत ३१ कल्पना काढल्या. पहिल्या वीस अर्थातच सगळ्यांना सुचतात त्या: एकमेकांना पाडत जाणाऱ्या सोंगट्या, गोळ्यांच्या पुरात बुडणारा म्हातारा, एक मुंडकं तोडलं की दोन उगवणारा राक्षस. सोंगट्या मला बरेच दिवस आवडत होत्या. पण त्यांत कोणी काही करत नाही, धक्का लागला की सगळं आपोआप घडतं. कॅस्केडमध्ये तसं नसतं. दर पायरीला कोणीतरी समजूनउमजून, भल्यासाठीच, काहीतरी जोडत असतं.

१२ फेब्रुवारीला वहीत नुसतंच लिहिलं, ‘ठिगळाला ठिगळ’. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, ही म्हण डोक्यात घोळत होती. जुना निळा सदरा काढला, कोपराला फाटलेला. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप घेतली आणि सुई-दोऱ्याने ती त्या भोकावर शिवायला बसले.

सुई प्लॅस्टिकमधून जाताना प्रत्येक वेळी कट्ट आवाज होतो. मागचा चंदेरी पत्रा आधी सुईच्या टोकाभोवती खोलगट होतो, मग एकदम फुटतो आणि भोकाच्या कडा बाहेरच्या बाजूला उमलतात. सहा-सात टाके घातले आणि दोरा ओढून घट्ट करायला गेले, तर पत्रा टाक्यांच्या रेषेवर टपालाच्या तिकिटासारखा फाटत गेला. त्याहून वाईट म्हणजे स्ट्रिप ताठ, सदऱ्याचं कापड विरलेलं. स्ट्रिपच्या कोपऱ्याने शेजारी नवीन चीर पाडली. मी काही न ठरवता कात्रीने दुसऱ्या स्ट्रिपचा तुकडा कापला आणि त्या चिरीवर ठेवला. मग हात तिथेच थांबला. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट माझ्या मांडीवर पडली होती.

इथे एक सांगते. संकल्पनाचित्र म्हटलं की आपण डोळे मिटून विचार करायला बसतो. वस्तू हातात घ्या. माझ्या ३१ चौकोनांपैकी एकातही कापड फाटण्याचा मुद्दा नव्हता, तो सुईने दाखवला.

१९ फेब्रुवारीला तीन रफ पाठवले. तीनच पाठवा. आणि जो करायची तुमची मुळीच इच्छा नाही तो भरतीला म्हणून पाठवू नका, तोच पसंत पडतो. माझ्या तिसऱ्या रफमध्ये सात कप्प्यांच्या गोळ्यांच्या डबीचं घर होतं, झाकणावर लाल क्रॉस काढला होता. मग नऊ दिवस शांतता. त्या नऊ दिवसांत मेल किती वेळा उघडून बघितला ते सांगत नाही. नंतर कळलं की संपादक मंडळाची बैठक पंधरवड्यातून एकदा होते. आधीच विचारलं असतं तर एवढा जीव टांगणीला लागला नसता.

२८ फेब्रुवारीला उत्तर आलं: सदरा पसंत. लाल क्रॉसबद्दल बाईंनी वेगळी ओळ लिहिली होती. ते चिन्ह औषधपाण्याचं सर्वसाधारण चिन्ह नाही, १९४९ च्या जिनिव्हा करारांनी त्याला संरक्षण दिलेलं आहे, कोणीही कुठेही वापरायचं नसतं. पुढच्या वेळीसुद्धा नको. मी निमूटपणे टिपून घेतलं. शिवाय गोळ्यांचा रंग, आकार, त्यांवरचं कोरीव अक्षर कोणत्याही खऱ्या ब्रँडशी जुळता कामा नये आणि पत्र्यावर वाचता येईल असं अक्षर नको. म्हणजे सगळ्या गोळ्या गोल, फिकट, कोऱ्या. चित्राच्या दृष्टीने हे बरंच झालं, नजर टाक्यांवर राहिली.

दुसरा रफ ५ मार्चला दिला. त्यात एक हात ते ठिगळ ओरबाडून काढतोय असं दाखवलं होतं. जोरकस होतं चित्र, मी खूश होते. ७ तारखेला डॉक्टरांचा फोन आला.

“चित्र छान आहे हो, पण हे मी छापू देणार नाही.”

मी विचारलं, का?

“कारण लोक असंच करतात. कुठेतरी वाचतात, सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद करतात आणि मग आमच्याकडे येतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध, एकदम थांबवलं तर छातीत दुखणं उसळू शकतं. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर शरीराचं स्वतःचं उत्पादन सुरू व्हायला वेळ लागतो, माणूस कोसळतो. औषध कमी करायचं ते एका वेळी एक, गरज असेल तिथे डोस उतरवत, वाट बघत. तुमच्या चित्रातला माणूस सदराच फाडतोय.”

फोन ठेवल्यावर मला राग आला होता, हे खोटं कशाला सांगू. अर्ध्या तासाने रफ पुन्हा बघितला आणि दिसलं की बोट खरंच कापडात घुसलंय. तो हात काढला आणि त्या जागी कात्रीचं बारीक टोक आणलं, एकच टाका उचलून कापणारं. मग प्रश्न आला, हात कोणाचा? मी हातमोजे घातलेला हात काढला. डॉक्टर म्हणाले, मोजे नकोत, ही शस्त्रक्रिया नाही, आणि रुग्ण कुठे आहे? शेवटी दोन हात ठरले. एक वयस्क हात कापड धरून ठेवणारा, दुसरा तरुण, कात्रीवाला.

वयस्क हातासाठी मी ९ मार्चला आत्याकडे गेले. तिला खिडकीपाशी बसवलं, मांडीवर सदरा दिला. ती म्हणाली, “थांब, नखं तरी कापते.” मी म्हटलं, “नको आत्या, तशीच असू देत.” “तोंड नाही ना येणार त्यात?” “नाही गं, नुसता हात.” “हाताला काय बघायचंय त्यांना!” असं म्हणत तिने कापड असं काही चिमटीत धरलं की मला काही सांगायचीच गरज उरली नाही. आयुष्यभर शिवण केलेला हात तो. कापड ताणायचं नाही, फक्त सरकू द्यायचं नाही. हाताच्या मागच्या बाजूची कातडी इतकी पातळ झाली आहे की शिरा वरून ठेवल्यासारख्या दिसतात. मनगटाजवळ जांभळट डाग, कुठे लागलं तेही तिला आठवत नव्हतं. डाग मी चित्रात ठेवला. नंतर डॉक्टरांनी तो बरोब्बर ओळखला.

चेहरा दिसत नसला तरी परवानगीचा फॉर्म लागतो, तो आधीच मागून घ्या. आत्याने चष्मा लावून तीन पानं वाचली आणि विचारलं, “यात ‘मोबदला’ लिहिलंय, तो कुठाय?”

११ मार्चला बारीक रेखाटन पाठवलं. १४ ला मंडळावरच्या एका सर्जननी एक ओळीचा मेल पाठवला: “हे टाके शिंप्याचे आहेत की आमचे?” मला वाटलं गंमत करतायत. मी सलग धावदोरा काढला होता. त्यांचं म्हणणं असं, की सलग टाक्यात सगळा भार एकाच दोऱ्यावर असतो, एका ठिकाणी कापलात की सगळी ओळ सैल पडते. सुटे टाके प्रत्येकी वेगळ्या गाठीचे असतात, एक काढला तरी बाकीचे धरून राहतात. अंकात सांगतोय एक औषध कमी करा आणि बाकीचं सांभाळा, आणि चित्रात एक कापला की सगळंच उसवणार! खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले. इतकी मार्मिक टीका माझ्या चित्रावर आजवर कोणी केली नव्हती. मग ४६ टाके पुसले आणि ४६ सुटे टाके काढले, प्रत्येकाला गाठ, प्रत्येक गाठीला दोन टोकं. रात्रीचे दोन वाजले.

आता तांत्रिक भाग. मासिकाचा आकार २१० बाय २९७ मिमी, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जास्तीची कड), म्हणजे कॅनव्हास २१६ बाय ३०३. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हे सुमारे २५५१ बाय ३५७९ पिक्सेल होतं. मी दुप्पट आकारात काम केलं, टाके जवळून काढता यावेत म्हणून. वरचे ६० मिमी मास्टहेडचे, म्हणजे मासिकाच्या नावाच्या पट्टीचे, खाली उजवीकडे बारकोडची जागा, साधारण ३७ बाय २६ मिमी. बाईंनी टेम्प्लेट दिलं होतं. ते पहिल्या रफपासून वरच्या लेयरवर चालू ठेवा. मी रंगवायला घेईपर्यंत बंद ठेवलं होतं, त्यामुळे सदऱ्याची कॉलर मास्टहेडमध्ये घुसली आणि सगळी रचना १४ मिमी खाली सरकवावी लागली.

रंगांनी रडवलं. स्क्रीनवर सदरा सुंदर निळा होता, सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या सायन (आकाशी), मॅजेंटा (किरमिजी), पिवळ्या आणि काळ्या या चार शायांत नेला तसा जांभळट झाला. निळ्यात मॅजेंटा सायनच्या फार जवळ गेला की छपाईत जांभळा उमटतो. साधारण ३० टक्क्यांचं अंतर ठेवलं की निळा निळा राहतो. आणि पत्रा! चार रंगांत चंदेरी नसतोच. बाईंना विचारलं, पँटोन ८७७ ही चंदेरी शाई पाचवा रंग म्हणून मिळेल का? “नाही. वेगळी प्लेट, वेगळा खर्च.” मग टेबलावर खरी स्ट्रिप ठेवून दोन दिवस नुसतं बघत बसले. धातू म्हणजे राखाडी रंग नाहीच. अगदी गडद आणि अगदी पांढरं एकमेकांना खेटून, मध्ये उतार नाही, आणि कडेला शेजारच्या कापडाचा निळा. तेवढं केलं आणि पत्रा चकाकला.

२४ मार्चला स्वतःच्या खर्चाने रंगांचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) काढून घेतलं. मानधनाचा जेमतेम पंचविसावा हिस्सा गेला आणि त्यात कळलं की आत्याच्या हाताची सावली मातकट होतेय. तिथे चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर चालली होती, छापखान्याची मर्यादा तेवढीच होती. ती उतरवली. २७ ला दुपारी चार वाजता फाइल गेली, बिलही त्याच दिवशी.

संपलं असं वाटलं. २ एप्रिलला बाईंचा मेल: संपादकांना खाली डावीकडे अजून एका लेखाचं शीर्षक हवंय. नेमकी तिथेच कात्री होती. मला वाटलं होतं तशी आदळआपट न करता, लेयर वेगळे ठेवले असल्यामुळे, कात्रीचा हात दोन बोटं वर सरकवून वीस मिनिटांत काम झालं. हात, कात्री, टाके, पत्रा, कापड, सावल्या सगळे वेगवेगळे लेयर ठेवा, आणि त्यांना नावं द्या. ‘लेयर ८७ कॉपी’ हे नाव नव्हे.

पैशांचं: करारात ‘प्रसिद्धीनंतर ४५ दिवस’ होतं, म्हणजे १५ जून. नाही आले. १८ ला विचारलं, २१ ला उत्तर, बिलावर परचेस ऑर्डरचा नंबर नाही. खरंच नव्हता. पुन्हा बिल दिलं, ३ जुलैला रक्कम जमा झाली. त्यातला ठरलेला हिस्सा आत्याला दिला, फॉर्मची प्रत दाखवून तिने तो मोजून घेतला.

छापील अंक २८ एप्रिललाच आला होता. पाकीट फोडताना हात थरथरत होता. निळा निळाच होता. पत्रा स्क्रीनवर होता तेवढा झळझळीत नव्हता, पण पत्राच वाटत होता. पत्त्याचं लेबल नेमकं बारकोडच्या वर, म्हणजे उरलेल्या मोकळ्या कापडावर चिकटवलेलं. ते सोलायला गेले तर कोपरा फाटायला लागला, म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी अंक घेऊन आत्याकडे गेले. तिने तो उजेडात धरला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला. टाके बोटाने मोजले, बहुतेक. मी वाट बघत होते.

“सांगत होते तुला,” ती म्हणाली, “नखं कापू दे म्हणून.”